बाबल्याच्या चित्रासाठी तीन फेऱ्या: अंधेरी, बोरिवली, पुन्हा बोरिवली

या ब्लॉगवर तुम्ही आजवर गड वाचलेत, घाट वाचलेत, कोकणातले कोपऱ्यातले किनारे वाचलेत. यावेळचा प्रवास मुंबईच्या बाहेर गेलाच नाही. मुलुंडहून निघालो, अंधेरीला गेलो, बोरिवलीला गेलो, पुन्हा एकदा बोरिवलीला गेलो. सगळं मिळून तीन दिवस. जनावरांची, पाळीव प्राण्यांची चित्रं काढणाऱ्या चित्रकारांना भेटायला. तुमच्यापैकी कोणाला आपल्या कुत्र्या-मांजराचं चित्र काढून घ्यायचं असेल तर रस्ता, वेळ, खर्च हे सगळं खाली येईलच. पण आधीच सांगतो, ही हौसेची ट्रिप नव्हती.

आमच्या बिल्डिंगच्या गेटवर आठ वर्षं एक कुत्रा होता. तांबूस रंगाचा, गावठी. आईनं त्याचं नाव बाबल्या ठेवलं होतं. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची, मूळची कुडाळकडची. बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर आम्ही मुलुंड पूर्वेला आलो. बाबा जाऊन दहा वर्षं झाली. बहीण सुषमा लग्न होऊन घाटकोपरला. मी नितीन, एकटाच, अर्धे शनिवार-रविवार डोंगरात. म्हणजे घरात आई, आणि खाली बाबल्या. दोन वेळा ती तीन मजले उतरून त्याला भात आणि माशाची डोकी घालायची. गुडघे दुखतात म्हणून देवळात जाणं सोडलं, हे सोडलं नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी आमच्या आवारातले तीन कुत्रे मेले. कोणीतरी विष घातलं होतं. त्यात बाबल्या होता. मी तेव्हा साताऱ्याकडे ट्रेकला होतो. सोमवारी परत आलो तेव्हा वॉचमननं खालीच सांगितलं, 'साहेब, तीनो गेट के पास मिले.'  त्यानंतर आई बोलेनाशीच झाली. माझ्यावर रागावली होती अशातला भाग नाही. तिचं जेवण अर्ध्यावर आलं, मासे आणणं बंद झालं, संध्याकाळी खिडकीपाशी बसायची पण खाली बघायची नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं.

डिसेंबरात सुषमाच फोनवर म्हणाली, 'दादा, तिला त्याचं एखादं चित्र काढून दे ना रे. हल्ली लोक काढून घेतात पेट्सची. निदान समोर काहीतरी राहील.'

मी लगेच हो म्हणालो. जरा जास्तच लगेच. का ते पुढे येईल.

पहिला दिवस: अंधेरी

ऋचाचं काम मला इंस्टाग्रामवर सापडलं. तिशीची मुलगी, फक्त पाळीव प्राण्यांची चित्रं काढते. अंधेरी पश्चिमेला चार बंगल्याच्या बाजूला तळमजल्यावर दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. मुलुंडहून जायचं तर पवईमार्गे बस सोयीची. मी शनिवारी सकाळी आठला निघालो, तलावापर्यंत झकास गेलो आणि पुढे जोगेश्वरीच्या वळणावर पाऊण तास अडकलो. सकाळी साडेसातच्या आत निघा, नाहीतर दहानंतर. मधली वेळ वाईट. उतरून कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली, नव्वद रुपये, रस्सा बरा, पाव कालचा.

ऋचाकडे आधीचं गिऱ्हाईक बसलं होतं. पन्नाशीचं जोडपं, मांजरीचं चित्र न्यायला आलेलं. पांढरी पर्शियन मांजर, निळ्या उशीवर. इतकं जिवंत की मी दारातच थांबलो. नवरा चित्राकडे बराच वेळ बघत होता.

'नाक असं नव्हतं हिचं,' तो म्हणाला.

'असंच होतं,' बायको म्हणाली.

'अगं, थोडं वर होतं.'

'असंच होतं. शेवटचे दोन महिने तू तिच्याकडे बघितलंसच कुठे? खोलीत यायचा नाहीस वास येतो म्हणून.'

नवऱ्यानं चित्र उचललं आणि गाडीकडे गेला. ऋचानं माझ्याकडे बघून खांदे उडवले. 'रोजचं आहे हे,' ती म्हणाली.

तिच्याकडे कॅनव्हासवर तैलरंगात साधारण वहीएवढ्या चित्राचे सहा हजारांपासून पुढे पडतात, कागदावर जलरंगात निम्म्यात होतं. वेटिंग दीड महिना. फोटो कसा हवा, ते ती अगदी नीट सांगते: जनावराच्या डोळ्यांच्या उंचीला खाली बसून काढलेला, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. ज्यांच्या घरात जनावर आहे त्यांनी हे वाचून संपल्यावर उठा आणि हे तीन फोटो काढून ठेवा. कारण तिच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ ऑर्डरी जनावर गेल्यावरच येतात, असं ती म्हणाली.

आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ब्राउन पेपरात गुंडाळलेली दहा-बारा चित्रं उभी होती. मी विचारलं, ही कुठे पाठवायची आहेत?

'कुठेच नाही. न्यायला कोणी आलं नाही.'

'का?'

'तयार आहे म्हणून फोन केला की काहीजण रडतात, येतो म्हणतात, येत नाहीत. चित्र घरी आलं म्हणजे तो खरंच गेला असं होतं ना त्यांचं.' तिनं एकाचा कागद थोडा बाजूला केला. आत काळ्या लॅब्रॅडॉरचा एक डोळा दिसला. 'हा तीन वर्षं इथंच आहे. मी फेकू पण शकत नाही, यार.'

मग तिनं माझ्याकडचे फोटो मागितले.

मी प्रवासाचे फोटो काढणारा माणूस. फोनमध्ये, हार्ड डिस्कवर मिळून हजारो फोटो. दोन रात्री जागून शोधले होते. बाबल्या चौदा फोटोंत होता. एकात माझ्या नव्या सॅकच्या मागे त्याची शेपटी. एकात गणपतीच्या टेम्पोखाली मागचे दोन पाय. एकात सुषमाच्या मुलीच्या वाढदिवसाला गेटपाशी त्याचं तोंड, हललेलं, तांबड्या धुरासारखं. त्याच्यासाठी काढलेला एकही नव्हता. आईकडे बटणाचा फोन.

ऋचानं चौदाही फोटो दोनदा बघितले. 'तुमचा ब्लॉग वाचलाय मी,' ती म्हणाली. 'एका फुलपाखराचे नऊ फोटो होते तुमच्या एका पोस्टमध्ये.'

तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

'यावरून कुत्रा होईल. तुमचा होणार नाही. डोळे नाहीत माझ्याकडे, मी कुठून आणू? आणि खोटे डोळे काढले तर तुमच्या आईला एका सेकंदात कळेल.' मग म्हणाली, 'बोरिवलीला एक परबकाका आहेत. म्हातारे आहेत, कोणाचं काम घेतात, कोणाचं नाही. पण फोटोशिवाय काढणारे माझ्या माहितीत ते एकटेच.'

दुसरा दिवस: बोरिवली

दुसऱ्या दिवशी रविवार. बसनं जोगेश्वरी, तिथून मेट्रो, आणि राष्ट्रीय उद्यान स्टेशनला उतरायचं. मुलुंडहून दीड तास धरून चाला, सगळं शंभराच्या आत. मेट्रोतून उजव्या हाताला पार्कचे डोंगर दिसतात. डिसेंबरात सकाळी ते धुरकट असतात. गेटवर सायकली, पोरंबाळं, काकडीवाले. मी आत गेलो नाही, उलट्या बाजूला चालत गेलो.

परबकाका जुन्या चार मजली बिल्डिंगीत तळाला राहतात. वय ऐंशीच्या आसपास, अंगात बनियन, डोळ्यांवर जाड भिंगं. बायको गेली, मुलगा परदेशात. आयुष्यभर जनावरंच रंगवली. तबेल्यांच्या आणि दूध डेअऱ्यांच्या पाट्यांवर म्हशी, कोंबडीच्या दुकानांवर कोंबडे, कॅलेंडरवर वाघ-हरणं, आणि नंतर वीसेक वर्षं जंगलाकडेच्या पाड्यांसाठी बिबट्यापासून सावध करणारे बोर्ड. खोलीत फर्निचर म्हणजे एक पलंग आणि दोन खुर्च्या, बाकी सगळीकडे कागद. भिंतीवर एका म्हशीचं मोठं चित्र होतं. नुसतं तोंड. मी त्याच्याकडे बघत राहिलो तेव्हा ते म्हणाले, 'ती जळाली.'

तबेल्याला आग लागली होती. बऱ्याच म्हशी गेल्या, मालकानं बाकीच्यांची नुकसानभरपाई मागितली, पण एकीचं चित्र मागितलं. फोटो कुठला? म्हशीचा फोटो कोण काढतं?

'दोन दिवस तो भैया तिथं त्या खुर्चीत बसला होता,' परबकाका म्हणाले. 'मी काढायचो, तो म्हणायचा, ऐसी नहीं. शिंगाचं वळण, कपाळावरचा भोवरा, पापण्या. तुला सगळ्या म्हशी सारख्या दिसतात. त्याला तसं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यानं चित्रावर हात ठेवला आणि इथंच जमिनीवर बसला. मग त्याला चित्र नकोच म्हणाला. म्हणून ते माझ्याकडे.'

मी त्यांना बाबल्याचं सांगितलं. त्यांनी कोळशाचा तुकडा घेतला, मांडीवर फळी, फळीवर कागद.

'बोल. कान?'

'एक अर्धा होता. फाटलेला.'

'कुठला?'

 डोळ्यांसमोर गेट आलं, कुत्रा आला, कान येईना. 'उजवा. नाही, डावा असेल.'

'पायावर पांढरं होतं कुठे?'

'होतं बहुतेक.'

'झोपायचा कुठल्या कुशीवर? भुंकायचा का? मिशा पिकल्या होत्या?'

पाच मिनिटांत कागदावर जे उमटलं ते कुठलंही कुत्रं होतं. त्यांनी कोळसा खाली ठेवला.

'आठ वर्षं म्हणालास ना?'

'हो.'

'तू नाही ओळखत त्याला.' आवाजात राग नव्हता. 'गेला कसा?'

'विष घातलं कोणीतरी.'

'कोणी?'

हा प्रश्न मला महिनाभरात कोणी विचारला नव्हता. पोलिसांनी विचारला नाही, कारण कोणी पोलिसांत गेलंच नाही. सुषमानं 'कोण असतात ही माणसं' असं म्हटलं होतं, पण तो प्रश्न नव्हता. त्या खोलीत, एका अनोळखी माणसासमोर, मी पहिल्यांदा ते बोललो.

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. ऑक्टोबरात आवारातल्या दुसऱ्या एका कुत्र्यानं एका लहान मुलीच्या पोटरीला चावा घेतला. मुलगी बरी झाली, पण इंजेक्शनांना तिनं आकांत केला, तो मी ऐकलाय. मीटिंग झाली. कुत्रे आवारातून हटवावेत, असं पत्र महापालिकेला द्यायचा ठराव लिहिला. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. मग एक मेंबर म्हणाला, 'पत्रबित्र सोडा हो. मी माझ्या पद्धतीनं बंदोबस्त करतो. फक्त नंतर कोणी विचारायचं नाही.' दोघेतिघे हसले. मीही हसलो. चहा आला, विषय बदलला, पार्किंगवर भांडण झालं. पुढच्याच शुक्रवारी मी सॅक भरून ट्रेकला गेलो.

'पद्धत म्हणजे काय, ते विचारलं नाहीस?' परबकाकांनी विचारलं.

'नाही.'

'का?'

'ट्रेकच्या बसचं बुकिंग करत होतो. फोनवर.'

ते उठले, खिडकीपाशी जाऊन परत आले. 'आईला माहीत आहे?'

'नाही.'

'मग ऐक. तिला घेऊन ये. ती ओळखते त्याला, तिच्याकडून मी काढीन. पण आणण्याआधी तिला हे सांग. ती इथं बसून त्याचं बोलणार आणि तू शेजारी चोरासारखा बसणार, हे माझ्या घरात चालायचं नाही.'

बाहेर आलो तेव्हा दोन वाजले होते. हायवेजवळ एका मालवणी खानावळीत सुरमईची थाळी घेतली. अडीचशे रुपये, सोलकढी दोनदा देतात. तुम्ही गेलात तर जरूर जा. माझ्या तोंडात घास फिरत होता, पण मासा ताजा होता एवढं सांगू शकतो.

तिसरा दिवस: पुन्हा बोरिवली

आठवडाभर मी आईला सांगणार होतो. सोमवारी तिला अंग कसकसत होतं. मंगळवारी सुषमा आली. बुधवारी मी तोंड उघडलं आणि 'एक चित्रकार आहेत, बाबल्याचं चित्र काढतील, येशील?' एवढंच बोललो. तिनं पोळी तव्यावर तशीच ठेवली. महिन्याभरात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. 'खंय जावचा आसा?' म्हणाली. त्या चेहऱ्यासमोर पुढचं वाक्य मला निघालं नाही. निघालं नाही म्हणजे काय, काढलं नाही.

शनिवारी टॅक्सी केली. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मेट्रोचे जिने आणि बसची धक्काबुक्की करू नका. ठाण्यावरून घोडबंदरमार्गे सातशेच्या आसपास, रस्ता मेट्रोच्या कामांमुळे खणलेला, पण सकाळी सव्वा तासात पोचतो. आईनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं. हातात पिशवी. पिशवीत बाबल्याचं जर्मनचं ताट.

परबकाकांनी दारातच माझ्याकडे बघितलं. सांगितलंस? असं ते डोळ्यांनी विचारत होते. मी मान हलवली. हो म्हणून.

ते वेंगुर्ल्याचे निघाले. दोन मिनिटांत मालवणी सुरू झाली आणि माझी आई, जी महिनाभर हं-हूंवर होती, ती बोलायला लागली.

'कान खंयचो फाटलेलो?'

'डावो. टेम्पोखाली गेल्लो ल्हान असताना. पण फाटलेलो कान त्येका बरो ऐकाक येय. माजी चप्पल वळखायचो.'

'तुम्ही खाली गेलात काय उठायचो?'

'उठायचो नाय. म्हातारो झाल्लो. शेपटी दोनदा आपटायचो आणि डोळे वर करायचो. बस.'

काका काढत होते. ती पुढे वाकून बोटानं दाखवत होती. नाक एवढं रुंद नाही. उजव्या डोळ्याखाली अश्रूचा काळा ओघळ. पुढच्या डाव्या पंजाची दोनच बोटं पांढरी. मिशा एका बाजूच्या पिकलेल्या, दुसऱ्या बाजूच्या नाहीत. तासाभरात कागदावर बाबल्या आला. पडून राहिलेला, हनुवटी पंजांवर, डोळे वर. मी आठ वर्षं ज्याच्या बाजूनं चपला वाजवत गेलो तो कुत्रा मी त्या दिवशी बघितला.

काका शेपटीवर काम करत होते. खाली मान घालून त्यांनी विचारलं, 'शेवटी तुमी होतात जवळ?'

'होतंय जवळ,' आई म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

'पाच वाजले असतीत. दाराकडे खरडल्यासारखा वाजला. आठ वर्सांत कधी जिनो चढूक नाय तो. त्या दिवशी तीन माळे चढान इलो.'  काकांचा हात थांबला. 'तोंडाक फेस. पाय ताठ झाल्ले. मी त्येका मांडयेर घेतलंय. समोरचा दार वाजवलंय, बाजूचा वाजवलंय. बाजूच्यांच्या आत लाईट लागली, माका फटीतसून दिसली. दार उघडूक नाय कोणी. ह्येका फोन लावलंय, लागलो नाय. अर्ध्या तासान जीव गेलो. तवसर माझ्याकडे बघीत होतो. डोळे असेच होते, वर.'

'मग?'

'मग काय. चादरीत घेतलंय. वॉचमनाक बोलावलंय. दोघांनी खाली नेलो. इतर दोघा होते थंय ठेवलो. कोणाक सांगून काय करू?'

वॉचमननं मला गेट म्हणून सांगितलं होतं. आईनंच त्याला तसं सांगायला सांगितलं असणार. मी डोंगरावर रेंज नसलेल्या जागी, तंबूत. सकाळी उठून ढगांचे फोटो काढले होते, तेही टाकले होते इथंच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाइक केले होते.

काकांनी शेपटी पूर्ण केली. पैसे घेतले नाहीत. कोळसा पुसला जाऊ नये म्हणून वरून फवारा मारला, वर्तमानपत्रात गुंडाळून आईच्या हातात दिलं. मला दारात थांबवून हळूच म्हणाले, 'सांगितलं नाहीस तू.' त्यांना कधी कळलं कोण जाणे.  त्यांनी दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर गायमुखच्या चढाला ट्रॅफिक थांबला. डाव्या हाताला खाडी. ड्रायव्हर कानात वायर घालून कोणाशी तरी गावच्या जमिनीचं बोलत होता. आईच्या मांडीवर चित्र. ती कागदाची कड सारखी करत होती.

मी तिला सगळं सांगितलं. मीटिंग, सही, ते वाक्य, हसलो ते. हसलो ते सांगू नये असं वाटत होतं, पण सांगितलं.

तिनं कागदाची कड सोडली. मग म्हणाली, 'मारतलो ह्या म्हायत होता तुका?'

'नक्की माहीत नव्हतं.'

'पण?'

'पण विचारलं नाही.'

'इचारूक होया होता,' ती म्हणाली.

 घरी आल्यावर तिनं चित्र गुंडाळलेलंच ठेवलं, कपाटातून चार लुगडी काढली, औषधाचा डबा घेतला आणि मला म्हणाली, 'सुषमाक फोन लाव. सांग, मी येतंय.' मी म्हणालो, आई, असं नको करू. ती म्हणाली, 'माझ्याच्यान ह्या जिन्यात उतरूक-चढूक होवचा नाय आता.' गुडघ्यांचं बोलत नव्हती.

घरी

हे लिहितोय तेव्हा चार महिने झालेत. आई घाटकोपरला सुषमाकडे आहे. घरात मी एकटा.

जानेवारीच्या मीटिंगमध्ये मी उभा राहून ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं, ज्यानं म्हटलं होतं त्याच्याकडे बघून. तो म्हणाला, 'मी महापालिकेला फोन करणार होतो, तेच म्हणालो होतो.' बाकीच्यांना आठवत नव्हतं. मी कमिटी सोडली आणि पोलिसांत लेखी तक्रार दिली, स्वतःच्या सहीच्या ठरावाची प्रत जोडून. तिथल्या हवालदारानं दोनदा विचारलं, 'साहेब, तुम्ही तक्रारदार की आरोपी?' त्यानं चेष्टेनं विचारलं नव्हतं, त्याला फॉर्म भरायचा होता. पुढे काही झालेलं नाही. होईल असं वाटत नाही; मेलेले कुत्रे त्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत गेले. जिन्यात भेटले की आता लोक मोबाइलमध्ये बघतात. तो मेंबर मात्र न चुकता 'गुड मॉर्निंग' म्हणतो.

या तीन फेऱ्यांचं काय करायचं, मला अजून नीट कळलेलं नाही. एवढं कळलं की चित्रकार जनावर काढतच नाहीत. समोरचं माणूस त्या जनावराकडे किती बघत होतं ते काढतात. माझ्याकडून पाच मिनिटांत कुठलंही कुत्रं निघालं. त्याबद्दल परबकाकांवर राग धरायचा प्रयत्नही करून पाहिला.

दर रविवारी मी घाटकोपरला जातो. पहिले काही रविवार आई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. चित्र तिनं तिथं भिंतीवर लावलंय, फ्रेम सुषमानं करून घेतली. मार्चपासून ती बाहेर येऊन बसते, सुषमाशी, नातीशी बोलते. माझ्याशी नाही. मी चहा पितो, निघतो.

काल निघताना तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली. हाक म्हणजे नाव नाही घेतलं, 'ह्या बघ' म्हणाली. ओट्यावर परातीत भात कालवून ठेवला होता, वर बांगड्याची डोकी. सुषमाच्या बिल्डिंगखाली दोन कुत्र्या आहेत, एक काळी, एक पिवळट. आई रोज त्यांना घालते, हे मला सुषमाकडून कळलं होतं.

'खाली ने,' आई म्हणाली. 'आणि त्यांचा खावन होईसर थंयच उभो रव. मधीच येव नको. दुसऱ्या कोणाक जवळ येव देव नको.'

मी परात घेऊन खाली गेलो. जिन्याच्या आडोशाला ठेवली. पिवळी लगेच आली. काळी लांबूनच माझ्याकडे बघत राहिली, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. तिच्या कपाळावर उजवीकडे एक जुना व्रण आहे आणि ती डाव्या मागच्या पायावर भार टाकत नाही. वर बघितलं तर चौथ्या मजल्याच्या खिडकीत आई उभी होती.

काळी शेवटी आली. दोघींनी परात चाटून साफ केली. तोवर मी तिथून हललो नाही.